गिंडीचा नकाशाकार : प्रा. जी. एन. रामचंद्रन

श्रीगणेश ही विद्येची देवता. चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा तो अधिपती. म्हणून उत्सवाच्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकांमध्ये थोरामोठ्यांची चरित्रे छापण्याची आपल्याकडे चांगली प्रथा आहे. संत, समाजसुधारक, गायक, नट यांच्यावर आपण नेहमीच आवडीने वाचतो. त्या मानाने शास्त्रज्ञांच्या वाट्याला पाने कमी येतात. पोटापाण्यासाठी महाराष्ट्र सोडून आपण ज्या शहराला आपले म्हटले, त्या चेन्नईतच गिंडीच्या विद्यापीठ परिसरात एका माणसाने असे काम केले, की आज जगातील कुठल्याही प्रयोगशाळेत एखाद्या प्रथिनाची रचना उलगडली, की ती बरोबर आहे का हे पाहण्यासाठी त्याच माणसाच्या नावाचा नकाशा उघडला जातो. त्यांचे नाव गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन. सारे जग त्यांना जी. एन. रामचंद्रन म्हणून ओळखते.

विशेष म्हणजे हा नकाशा एका आक्षेपातून जन्माला आला. मद्रासच्या एका लहान प्रयोगशाळेचे काम चुकले आहे, असे केंब्रिजहून सांगण्यात आले. त्यावर रामचंद्रन यांनी काय केले, तीच या चरित्राची मध्यवर्ती गोष्ट.

बालपण आणि शिक्षण

रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी केरळातील एर्नाकुलम येथे झाला. घराणे तमिळ. तमिळ रीतीप्रमाणे नावातील गोपालसमुद्रम हे मूळ गावाचे नाव, तर नारायण हे वडिलांचे. वडील नारायण अय्यर एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. मुलाला गणिताची गोडी लागली ती घरातच. वडील कोडी घालायचे आणि मुलगा ती सोडवायचा. पुढे आयुष्यभर रामचंद्रन यांना प्रत्येक प्रश्न गणिताच्या बाजूने दिसायचा, त्याचे मूळ या घरगुती शाळेत होते.

१९३९ मध्ये ते तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजात दाखल झाले आणि १९४२ साली भौतिकशास्त्राची ऑनर्स पदवी घेऊन मद्रास विद्यापीठात पहिले आले. आता पुढे काय? त्या काळी हुशार मुलाने सरकारी नोकरी धरावी, असे कुठल्या वडिलांना वाटत नसे? रेल्वेच्या अभियांत्रिकी सेवेची परीक्षा देण्यासाठी त्यांना दिल्लीला पाठवण्यात आले. ती नोकरी मनात नव्हती. पुढे ते स्वतःच सांगत, की आपण मुद्दाम पेपर बिघडवला. रेल्वेला एक अभियंता कमी मिळाला, पण विज्ञानाला एक माणूस लाभला.

त्याच वर्षी ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकायला गेले. तिथे भौतिकशास्त्र विभागात साक्षात सर सी. व्ही. रामन! रामन यांनी हा मुलगा हेरला आणि आपल्याकडे ओढून घेतला. हा विद्यार्थी तुमच्या विभागाच्या मानाने जरा जास्तच हुशार आहे, असे त्यांनी अभियांत्रिकीच्या प्रमुखांना सांगितल्याची आठवण आजही सांगितली जाते.

रामन यांना स्फटिकांचे, त्यातही हिऱ्यांचे विलक्षण वेड होते. त्यांच्या हाताखाली रामचंद्रन प्रकाशशास्त्र शिकले आणि क्ष-किरणांनी हिऱ्यांच्या अंतरंगातले दोष टिपायला शिकले. १९४७ साली त्यांना मद्रास विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. तत्पूर्वी १९४५ मध्ये राजलक्ष्मी यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. राजम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पत्नीने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ त्यांना साथ दिली. १९४७ ते १९४९ ही दोन वर्षे त्यांनी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काढली. प्रयोगशाळेचे प्रमुख होते सर लॉरेन्स ब्रॅग, क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना वाचण्याच्या शास्त्राचे एक जनक. रामचंद्रन यांनी तिथे वूस्टर यांच्यासोबत काम करून पीएच.डी. मिळवली आणि १९४९ मध्ये ते बंगळूरला परतले.

क्ष-किरणांनी अणू कसे दिसतात?

पुढची गोष्ट समजण्यासाठी थोडे विज्ञान सांगायला हवे. बारीक विणीच्या छत्रीच्या कापडातून रात्री दूरच्या दिव्याकडे पाहा. एका दिव्याऐवजी ठिपक्यांची सुबक नक्षी दिसते. कापडाच्या धाग्यांमधून जाताना प्रकाशाच्या लहरी वाकतात, एकमेकींत मिसळतात, काही ठिकाणी बळावतात तर काही ठिकाणी पुसल्या जातात. नक्षीतल्या ठिपक्यांमधली अंतरे मोजली, तर धागे एकमेकांपासून किती लांब आहेत हे गणिताने काढता येते.

स्फटिकातले अणू असेच कवायतीसाठी उभ्या असलेल्या शिपायांप्रमाणे रांगेत असतात. मात्र दोन शेजारच्या अणूंमधले अंतर साधारण एक ते दोन अँगस्ट्रॉम असते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश भाग! आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर याच्या हजारोपट लांब असते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाला अणू दिसणे शक्य नाही. क्ष-किरणांची लहर मात्र नेमकी या मापाची असते. स्फटिकावर क्ष-किरण सोडले, की मागच्या फिल्मवर ठिपके उमटतात. ठिपक्यांच्या जागा आणि त्यांचा गडदपणा मोजून अणूंची मांडणी गणिताने शोधायची. क्ष-किरणांना एकत्र आणून अणूंचे चित्र उमटवील असे भिंग नाही. तिथे गणित हेच भिंग.

चांगला स्फटिक असेल तर हे गणित चोख जमते. पण कातडे, केस, स्नायूंचे दोरे अशा तंतुमय पदार्थांची फिल्म पुसट येते. मोजकेच डाग, तेही पसरलेले. त्यांवरून थेट रचना काढता येत नाही. मग रेणूचा नमुना कल्पनेने बांधायचा आणि त्याने फिल्मवर कुठे डाग पाडले असते हे ताडून पाहायचे. त्यामुळे अशा पदार्थांच्या बाबतीत तज्ज्ञांमध्ये मतभेद होणे अगदी स्वाभाविक असते.

मद्रासची प्रयोगशाळा

१९५२ साली मद्रास विद्यापीठाने गिंडीच्या परिसरात भौतिकशास्त्राचा विभाग उभा करायचे ठरवले. कुलगुरू होते डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार. त्यांनी प्रमुखपदासाठी रामन यांना विचारले. रामन यांनी स्वतःऐवजी आपल्या शिष्याचे नाव सुचवले. अशा रीतीने तिशी पूर्ण होण्याच्या सुमारास रामचंद्रन विभागप्रमुख झाले. त्यांनी क्ष-किरणांची प्रयोगशाळा उभी केली आणि कामाला योग्य असा मोठा प्रश्न शोधू लागले.

तो प्रश्न पाहुण्याच्या रूपाने चालून आला. प्रसिद्ध ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल त्याच सुमारास मद्रासला आले होते. बोलता बोलता त्यांनी सांगितले, की कोलॅजेनची रचना अजून कुणालाच समाधानकारक सापडलेली नाही. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या दिग्गजाने १९५१ मध्ये एक रचना मांडली होती, पण ती जुळत नव्हती.

कोलॅजेन हे आपल्या शरीरात सर्वांत जास्त असणारे प्रथिन. त्वचा, हाडे, कूर्चा, स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट दोरे या सगळ्यांचा ताण तेच पेलते. चामडे कमावतात ते त्याचेच. सुतार वापरत असे तो सरस आणि मुलांच्या आवडीची जेली ही त्याचीच उकळून सैल झालेली रूपे. हा विषय मद्रासला अगदी सोयीचा होता, कारण अड्यारला केंद्रीय चर्मसंशोधन संस्था होती. तिथून कोलॅजेनचे नमुने मिळू लागले. आधी शार्कच्या परांमधले, मग कांगारूच्या शेपटीतल्या दोऱ्याचे. कांगारूच्या दोऱ्याची फिल्म चांगली आली.

रामचंद्रन यांच्या जोडीला होते गोपीनाथ कर्ता, विलक्षण कसबी स्फटिकशास्त्रज्ञ. दोघे चेंडू-काड्यांचे नमुने बांधत बसले. हाती एक महत्त्वाचा दुवा होता. प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची लांबलचक माळ. कोलॅजेनच्या माळेतील सुमारे एक तृतीयांश मणी ग्लायसीनचे असतात. ग्लायसीन हे सर्वांत छोटे ॲमिनो आम्ल. एक तृतीयांशच का? रामचंद्रन यांनी ताडले, की दर तिसरा मणी ग्लायसीनचा असला पाहिजे आणि त्याला काहीतरी खास जागा असली पाहिजे. तीन माळा शेजारी शेजारी आणल्या, तर मधोमध इतकी अडचण होते, की तिथे ग्लायसीनशिवाय दुसरे काही मावत नाही. म्हणजे कोलॅजेन हे तीन माळांचे असणार!

ऑगस्ट १९५४ मध्ये त्यांची तीन माळांची रचना 'नेचर' या नियतकालिकात आली. पुढच्याच वर्षी तिच्यात सुधारणा झाली. तीन माळा केवळ शेजारी उभ्या नसतात, त्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना आपली एकच बाजू तिच्याकडे ठेवतो, त्यावरून रामचंद्रन यांना ही कल्पना सुचल्याचे सांगतात. प्रत्येक माळ फिरता फिरता आपला ग्लायसीन सतत आतल्या बाजूला ठेवते. आपल्या भाषेत सांगायचे तर ही तीन पेडांची वेणी. एकेक पेड नाजूक असला तरी वेणी मजबूत असते. माळेतला एक जरी ग्लायसीन बदलून त्या जागी मोठा मणी आला, तरी वेणीला गाठ पडल्यासारखे होते. हाडे जन्मतःच ठिसूळ असण्याच्या एका आजाराचे कारण अनेकदा असा एखादाच बदल असतो, हे पुढे सिद्ध झाले.

केंब्रिजचा आक्षेप

मद्रासला हा आनंद फार काळ निर्विवाद उपभोगता आला नाही. १९५५ मध्येच केंब्रिजहून फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांचा लेख आला. क्रिक म्हणजे दोनच वर्षांपूर्वी वॉटसन यांच्यासह डीएनएची रचना मांडून जगप्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ. तीन पेडांची वेणी त्यांच्याही रचनेत होती. पण मद्रासच्या नमुन्यात काही अणू एकमेकांच्या फार जवळ आले आहेत, इतकी जवळीक निसर्गात चालत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. मद्रासच्या रचनेत दर तीन मण्यांमागे दोन हायड्रोजन बंध पेडांना बांधून ठेवत होते. केंब्रिजच्या मते त्यांतला एकच शक्य होता.

या प्रसंगी काय घडू शकले असते याचा विचार करा. एका बाजूला जगातील सर्वांत नामवंत प्रयोगशाळा, दुसऱ्या बाजूला तीन वर्षांचा नवा विभाग. मुकाट्याने माघार घेता आली असती. किंवा मद्रासला दूरचे म्हणून डावलले, असे म्हणत रुसून बसता आले असते. सन्मान वाटून घेतला गेल्याचे दुःख रामचंद्रन यांना झाले नसेल असे नाही. पण त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : अणू फार जवळ आहेत म्हणता, पण किती जवळ म्हणजे फार जवळ?

या प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर कुणाकडेच नव्हते. जो तो आपल्या अंदाजाने मर्यादा धरून चालत होता. रामचंद्रन यांनी व्ही. शशिशेखरन आणि सी. रामकृष्णन या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन मोजपट्टीच तयार करायला घेतली. तोवर जगभरात ज्या ज्या लहान रेणूंच्या स्फटिकांची रचना पक्की झाली होती, त्या सर्वांची छाननी केली. कार्बन आणि कार्बन, कार्बन आणि ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन अशा प्रत्येक जोडीत बंध नसताना प्रत्यक्षात किती कमी अंतर आढळते, याची यादी केली. सर्वसाधारण मर्यादा आणि अगदी टोकाची मर्यादा अशा दोन ओळी आखल्या.

नकाशा तयार झाला

मोजपट्टी हाती आल्यावर प्रश्न एकट्या कोलॅजेनपुरता उरला नाही. कुठल्याही प्रथिनाची माळ किती प्रकारे वळू शकते, असे विचारता येऊ लागले.

प्रथिनाची माळ म्हणजे एकापुढे एक बिजागरीने जोडलेले पत्त्यांचे तुकडे, असे समजा. प्रत्येक पत्ता सपाट आणि ताठ. दोन पत्त्यांच्या मधे एक कार्बन अणू आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक वळण. या दोन वळणांच्या कोनांना फाय आणि साय ही ग्रीक अक्षरे दिली आहेत. प्रत्येक सांध्यावर हे दोन कोन सांगितले, की संपूर्ण माळेचा कणा कसा वळला आहे ते सांगता येते. हजारो अणूंचा गुंता दोन आकड्यांवर आला!

आता कागदावर आडवा अक्ष फायचा, उभा सायचा. प्रत्येक कोन ३६० अंशांत फिरू शकतो. कागदावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे सांध्याची एक स्थिती. त्या स्थितीत अणू एकमेकांवर आदळतात का? आदळत असतील तर तो मुलूख निषिद्ध. दहा-दहा अंशांनी सरकायचे म्हटले तरी १२९६ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीला अणू-अणूमधली सगळी अंतरे काढावी लागतात. संगणक विद्यापीठात मिळण्याचे ते दिवस नव्हते. रामकृष्णन यांनी टेबलावरच्या गणकयंत्रावर ही आकडेमोड चिकाटीने केली.

जो नकाशा निघाला तो थक्क करणारा होता. कागदाचा बहुतेक भाग निषिद्ध! समुद्रात दोन-तीन बेटे असावीत तसा थोडासाच मुलूख मोकळा. आपले कोपर जसे एका बाजूलाच वाकते, तशी प्रथिनाच्या सांध्यालाही निसर्गाने मर्यादा घातलेली आहे. पॉलिंग यांनी १९५१ मध्ये सांगितलेली प्रथिनांची दोन प्रमुख रूपे, म्हणजे मळसूत्रासारखा आल्फा आणि पट्टीसारखा बीटा, ही नेमकी या बेटांवरच सापडली. कोलॅजेनची जागाही मोकळ्या मुलखातच होती. ग्लायसीन अंगाने छोटा, म्हणून त्याला मात्र पुष्कळ मोकळीक होती.

रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांचा हा लेख १९६३ मध्ये 'जर्नल ऑफ मॉलेक्युलर बायॉलॉजी'त आला. लांबी जेमतेम पाच पाने! त्याच काळात केंब्रिजला जॉन केंड्रू यांनी मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना स्फटिकावरून प्रत्यक्ष उलगडली होती. तिचे कोन नकाशावर मांडले, तर बहुतेक ठिपके मोकळ्या बेटांवर पडले. प्रत्यक्ष प्रथिन हाती नसताना केवळ अंतरांच्या हिशेबावर मद्रासने सांगितलेले निसर्गाने मान्य केले होते. ज्या केंब्रिजहून आक्षेप आला, तिथलाच पुरावा मद्रासच्या नकाशाला दुजोरा देऊन गेला.

पुढे हा नकाशा रामचंद्रन आलेख या नावाने जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेला. प्रथिनांच्या रचनांचे जागतिक भांडार १९७१ मध्ये सुरू झाले. त्यात आज दोन लाखांहून अधिक रचना आहेत. नवी रचना दाखल करताना तिच्या तपासणी अहवालात रामचंद्रन आलेखाचा निकाल असतोच. निषिद्ध मुलखात ठिपके जास्त पडले, तर संशोधकाला आपले काम पुन्हा तपासावे लागते. २०२० साली करोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाची रचना निघाली, ती लस तयार करणाऱ्यांच्या उपयोगी पडली. अशा प्रत्येक रचनेला याच कसोटीवर घासून पाहिले जाते. मोठमोठे संगणक प्रथिनांच्या रचनांचे भाकीत करू लागले आहेत, त्यांनाही ही परीक्षा चुकलेली नाही.

मग कोलॅजेनच्या वादाचे काय झाले? रामचंद्रन यांनी तो सोडून दिला नव्हता. १९६८ मध्ये त्यांनी चंद्रशेखरन यांच्यासह असे सुचवले, की दुसरा बंध थेट नसून मधल्या पाण्याच्या रेणूमार्फत जोडला जात असावा. अखेर १९९४ मध्ये अमेरिकेत कोलॅजेनसारख्या माळेचा चांगला स्फटिक तयार झाला आणि त्याची रचना स्पष्ट दिसली. तीन पेडांची वेणी तंतोतंत होती. पेडांमधला थेट बंध एकच होता, म्हणजे त्या मुद्द्यावर केंब्रिजचे म्हणणे खरे ठरले. वेणीभोवती पाण्याच्या रेणूंचे जाळेही होते आणि त्यामार्फत बंध जुळलेले होते, म्हणजे मद्रासची पाण्याची कल्पनाही खरी ठरली. चाळीस वर्षांनी लागलेला हा निकाल दोन्ही पक्षांना मान वर करून चालता येईल असा होता.

मद्रासनंतर

१९६३ आणि १९६७ साली मद्रासला आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाले, तेव्हा जगभरचे संशोधक गिंडीला आले. रामचंद्रन यांना १९६१ मध्ये भटनागर पारितोषिक मिळाले होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसेही नाव काढत होती. गोपीनाथ कर्ता अमेरिकेत गेले आणि १९६७ मध्ये रायबोन्यूक्लिएज या प्रथिनाची रचना उलगडणाऱ्या चमूत त्यांचे नाव अग्रभागी होते.

ज्यांनी विश्वासाने विभाग सोपवला, ते डॉ. मुदलियार १९६९ मध्ये कुलगुरूपदावरून निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी रामचंद्रन यांनीही मद्रास विद्यापीठ सोडले. काही काळ ते शिकागो विद्यापीठात होते. १९७१ मध्ये बंगळूरच्या इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी रेणूंच्या जीवभौतिकीचा नवा विभाग सुरू केला. तोही आज देशातील अग्रगण्य विभागांपैकी एक आहे.

याच १९७१ सालच्या एका कामाचा आपल्या सर्वांशी अगदी जवळचा संबंध आहे. शरीराच्या आरपार अनेक दिशांनी घेतलेल्या क्ष-किरण छायांवरून आतल्या भागाचे चित्र परत कसे बांधायचे, याची नवी आणि जलद गणिती पद्धत रामचंद्रन यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह प्रसिद्ध केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. सीटी स्कॅनच्या शोधासाठी १९७९ चे नोबेल हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना मिळाले. पण चित्र बांधण्याच्या गणितात रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांची पद्धत जगभर वापरली गेली. त्यातील गाळणीला दोघांच्या नावांवरून राम-लॅक असेच म्हणतात. आपल्यापैकी कुणी सीटी स्कॅन केले असेल, तर त्या चित्रामागे हे गणित असण्याची शक्यता बरीच आहे.

१९७७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. नोबेल पारितोषिक मात्र त्यांना मिळाले नाही. याची हळहळ आजही अनेक शास्त्रज्ञ बोलून दाखवतात.

उत्तरायुष्य सोपे नव्हते. कंपवाताने शरीर थकत गेले. तरीही कर्नाटक संगीताची गोडी, तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्राचे गणित यांत ते रमत. १९९८ मध्ये राजम यांचे निधन झाले, हा मोठाच आघात होता. त्यानंतर १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने त्यांना एवाल्ड पारितोषिक दिले. त्या क्षेत्रातील हा मोठा जागतिक सन्मान. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईतच त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव रमेश नारायण यांनी खगोलभौतिकीत जागतिक कीर्ती मिळवली. वडिलांपासून मुलाकडे गणित जाण्याची घराची रीत पुढच्या पिढीतही टिकली.

गिंडीचा स्फटिकशास्त्र आणि जीवभौतिकी विभाग आजही त्याच परिसरात आहे. बाहेरून जाणाऱ्याला तिथे काही विशेष दिसणार नाही. पण आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी उद्या जीवरसायनशास्त्र शिकू लागली, तर पुस्तकाच्या सुरुवातीच्या प्रकरणांतच चार-दोन बेटांचा तो चौकोनी नकाशा समोर येईल. तेव्हा तिला जरूर सांगावे, की हा आपल्याच शहरात काढला गेला. आणि हेही सांगावे, की काढणाऱ्याला कुणीतरी तुमचे चुकले असे म्हटले होते. त्याने भांडण्यात वेळ घालवला नाही, गप्पही बसला नाही. आठ वर्षे खपून त्याने मोजपट्टी बनवली आणि ती साऱ्या जगाला वापरायला देऊन टाकली.

विद्येच्या देवतेच्या उत्सवात अशा विद्योपासकाचे स्मरण व्हावे, हे उचितच होय.